पिवळ्या रंगाचं गाठोडं

मित्रांनो, मी एक जुना यीस्ट आहे. लोक तसं म्हणतात म्हणून मीही म्हणतो, पण माझी खात्री नाही. 'एक' म्हणावं तर काचेच्या एका चंबूत मी कोट्यवधी असतो, आणि 'जुना' म्हणावं तर माझ्यातला बहुतेक भाग आज सकाळीच जन्मलेला असतो. माझ्या अंगाला एक फुगवटा येतो, तो वाढतो, सुटा होतो, आणि तोही मीच असतो. मग मूळचा मी कुठला, हे मला अजून उमगलेलं नाही. तुम्हाला मी नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही, पण माझी चुलत भावंडं तुम्हाला भेटलेली आहेत. बेकरीतला पाव फुगतो तो त्यांच्यामुळे. आता तुम्ही विचाराल, याला कान नाहीत, तोंड नाही, मग हा ऐकतो कसा आणि बोलतो कसा? तेही मला ठाऊक नाही. सांगायला बसलोच आहे तर ऐकून घ्या आणि मध्येच शंका काढू नका. शंका काढायचं काम माझं आहे, ते मी जन्मभर करत आलो आहे.

माझं लहानपण श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात गेलं. साखर काढून झाली की मागे काळी, दाट, चिकट मळी उरते. ती तिथल्या डिस्टिलरीच्या मोठमोठ्या टाक्यांत सोडत आणि तिच्यात आम्हाला. मळीतली साखर खायची आणि तिचं अल्कोहोल करायचं, एवढंच आमचं काम. टाकीवर पुंजाराम नावाचे गृहस्थ होते. ते टाकीच्या तोंडाशी वाकून कान देत. आतून चुरचुर आवाज आला आणि वर फेस चढला की त्यांचा चेहरा खुले.

"लई झ्याक चाललंय गड्याचं," ते म्हणत. "खा बाबा, खा. खाशील तेवढं कमीच हाय."

तिथे मी एक धडा शिकलो. भरपूर खावं, भराभर वाढावं, फेस काढावा, म्हणजे माणसं खूश होतात. धडा सोपा होता आणि मला वाटलं, हा जन्मभर पुरेल. दसऱ्याला आमच्या टाकीला झेंडूचा हार घालत, नारळ फोडत. मग हंगाम संपला की तीच माणसं पाण्याचा फवारा मारून आम्हाला टाकीबाहेर काढत. हार का घातला होता आणि आता हाकललं का, हे विचारणार कुणाला? पुंजाराम तेवढे आमच्यातले थोडे एका बाटलीत बाजूला काढून ठेवत, पुढच्या वर्षासाठी.

पुंजारामांचा मुलगा धवल; वडिलांना तो अण्णा म्हणे. तो आंबवण्याचं शास्त्र शिकला आणि नगरजवळ केडगावला, एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात नोकरीला लागला. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण धवलच्या तोंडी अजून नगरच येतं. एकदा सुट्टी संपवून परत निघताना त्याने वडिलांच्या बाटलीतला थेंबभर मी काचेच्या नळीत घेतला, वर कापसाचा बोळा लावला आणि नळी शर्टाच्या खिशात ठेवली.

"कुठं नेतूस त्याला?" पुंजारामांनी विचारलं.

"केडगावला. आमच्या अफ्रीनला कणखर यीस्ट पाहिजे, उन्हाळा सोसणारा."

"सोसंल की. पर खायला घाल बरं का त्याला. उपाशी ठिवू नको."

एसटीच्या सगळ्या प्रवासात मी धवलच्या छातीची धडधड ऐकत होतो आणि पुंजारामांचं ते वाक्य मनात घोळवत होतो. चला, जेवणाची सोय झाली, असं मला वाटलं. इतका मोठा गैरसमज माझा आयुष्यात दुसरा झाला नाही.

अफ्रीन ही त्या केंद्रातली संशोधक. तिचे आजोबा लालमहंमद, म्हणजे तिचे दादाजी, यांचं नगरच्या दाळमंडईत काष्ठौषधींचं दुकान. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, पिंपळी यांच्या गोण्यांमध्ये आणि बरण्यांमध्ये ती लहानाची मोठी झाली. त्या दुकानात एक वाकडी, खरखरीत मुळी असायची, दारूहळद नावाची. नावावर जाऊ नका, तिचा दारूशी संबंध नाही आणि आमटीतल्या हळदीशीही नाही. बाहेरून ती मातकट दिसे. दादाजी तिची साल नखाने खरवडत, आतला पिवळाधमक रंग नातीला दाखवत आणि म्हणत, "बघ, हा खरा माल." ती मुळी हिमालयातल्या एका झुडपाची. जुने हकीम आणि वैद्य ती जुलाबावर द्यायचे, डोळे आले तरी वापरायचे, आणि तिचा गुण होता त्या पिवळ्या द्रव्यात.

पण मुळी हवी म्हणजे झुडूपच उपटायचं. उपटून उपटून झुडपं कमी झाली. दुकानात येणारी मुळी आधी मनगटाएवढी असायची, ती बोटाएवढी झाली, आणि पुढे तर तिच्या नावाखाली भलतंच लाकूड यायला लागलं. दादाजी ते खरवडून बघत, नाक मुरडत आणि गोणी परत पाठवत. शेवटी दुकानातला तो खण रिकामाच राहिला. त्या रिकाम्या खणाकडे बघून अफ्रीनने ठरवलं की मुळी न उपटता तो पिवळा रंग आणायचा. तो माझ्याकडून आणायचा, हे मात्र मला कुणी विचारलं नाही.

ती गोष्ट आता नीट समजून घ्या. मलाही ती पुरती समजलेली नाही, तेव्हा आपण बरोबरच शिकू. प्रत्येक जिवाच्या आत त्याच्या त्याच्या कामाच्या कृती लिहिलेल्या असतात. साखरेचं अल्कोहोल कसं करायचं ते माझ्यात लिहिलेलं आहे. पिवळं द्रव्य कसं करायचं ते दारूहळदीत लिहिलेलं आहे. अफ्रीनने झुडपातली ती कृती शोधली, मला वाचता येईल अशी ती नव्याने मांडली, तिचं एक गोल, इवलंसं गाठोडं बांधलं आणि माझ्या आत ठेवून दिलं. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात कधी मी गाठोडं घेतलंच नाही, कधी घेतलं आणि मेलो, तर कधी अर्धी कृती करून मध्येच थांबलो. यात वर्षं गेली. अफ्रीन रडकुंडीला आली की चंबू तोंडासमोर धरून म्हणायची, "अरे, कर की रे बाबा!" नक्की काय करू, हेच मला कळत नव्हतं.

मग एका सकाळी माझ्या चंबूतलं पाणी पिवळं दिसलं. फार नाही, दुधात हळदीचं बोट बुडवावं तेवढंच. निळ्या दिव्याखाली धरलं तर ते चमकलं. अफ्रीन ओरडली. धवल हातातलं काम टाकून धावत आला आणि विभागप्रमुख राधाकृष्ण सर चष्मा पुसत पुसत आले. सगळे माझ्याकडे बघून हसत होते आणि मी विचारात पडलो होतो. मी कधी मातीत रुजलो नाही. मला पान नाही, मूळ नाही. मग झाडाचा रंग माझ्या अंगातून आला कसा? मी अजून यीस्टच होतो की झाड झालो होतो? कुणी सांगेल म्हणून मी वाट पाहिली, पण ते सगळे चहा प्यायला निघून गेले.

त्याहून मोठा गोंधळ होता जेवणाचा. गाठोडं जड असतं. ते वाहायचं आणि त्यातली कृतीही करायची, म्हणजे वाढायला ताकद कमी उरते. संधी मिळाली की आमच्यातला कुणीही ते टाकून देणार, हे अफ्रीन जाणून होती. म्हणून तिने एक युक्ती केली. जगायला अगदी लागतोच असा एक जिन्नस तिने माझ्या जेवणातून काढून टाकला आणि तो जिन्नस आपला आपण बनवायची कृती त्याच गाठोड्यात बांधली. गाठोडं जवळ असेल तर जिन्नस बनवा आणि जगा, टाकलं तर उपाशी मरा. त्यामुळे मी सडसडीत राहिलो, सावकाश वाढलो, आणि फेस म्हणाल तर नावालाही नाही.

आणि मित्रांनो, त्याबद्दल माझं कौतुक व्हायचं! पुंजारामांच्या टाकीत जिला मरगळ म्हटलं असतं, तिला इथे शिस्त म्हणत होते. तिथे जास्त खाल्लं की शाबासकी, इथे कमी खाल्लं की शाबासकी. दोन्हीकडची माणसं माझ्यावर सारखीच माया करणारी. मग खरं कुणाचं मानायचं?

रमजानच्या आधी लालमहंमद दादाजी मला बघायला आले. घरी ते दखनीत बोलत, पण केंद्रात सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत बोलले. त्यांनी चंबूच्या चारही बाजूंनी फिरून मला न्याहाळलं.

"मुळी कुठं हाय याची?"

"मुळी नाही, दादाजी," अफ्रीन म्हणाली.

"मग पान? खोड?"

"काहीच नाही. हा साखरेच्या पाण्यात वाढतो."

"आला कुठनं हा?"

धवल मोठ्या अभिमानाने म्हणाला, "श्रीगोंद्याच्या डिस्टिलरीतनं. माझ्या वडिलांनी वाढवलाय त्याला."

दादाजी एक पाऊल मागे सरले. "म्हंजे दारू गाळणारा? हा तर शराबी हाय की रे! अफ्रीन बेटा, अख्ख्या दुनियेत तुला दुसरं कुणी भेटलं न्हाई?"

सगळे हसले. मला मात्र वाईट वाटलं. मी दारू करत होतो हे खरं, पण ती मला कधी मानवली नाही. ती जास्त झाली की मीच मरतो. जाताना दादाजी दारात थांबले. "खऱ्या दारूहळदीचा एक तुकडा राह्यलाय माझ्याकडं, शेवटचा. ईद झाली की घेऊन येतो. त्याचा रंग आन् या शराब्याचा रंग शेजारी ठेवून बघू. मग मानीन."

अफ्रीनने मान डोलावली. तिच्या दृष्टीने मोठी परीक्षा तीच होती, असं मला तेव्हा वाटलं.

पुढे काय झालं ते ऐका. माझ्या प्रती तिने इवल्या कुप्यांत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या. लागोपाठच्या सुट्ट्यांत वीज सारखी ये-जा करत राहिली आणि फ्रीझरचा कॉम्प्रेसर जळाला. दार उघडलं तेव्हा आतून गरम वाफ आली. कुप्यांतलं कुणीच पुन्हा उठलं नाही. थोडे नमुने दुसऱ्या एखाद्या संस्थेत ठेवायचे असं केव्हाचं ठरलं होतं, पण ते आज करू, उद्या करू यात राहून गेलं होतं. आता पिवळा रंग करणारा मी जगात फक्त त्या एका चंबूत उरलो होतो.

त्याच आठवड्यात राधाकृष्ण सर खोलीत आले. त्यांचा स्वर नेहमीसारखा मऊच होता. "ईदनंतर निधी देणारी समिती येतेय, अफ्रीन. रंग दिसला तर काम पुढे चालू राहील. नाही दिसला तर ही खोली संगणक विभागाला द्यावी लागेल आणि तुमची नोकरीची जागाही राहणार नाही. माझ्या हातात काही नाही."

"दिसेल सर," अफ्रीन म्हणाली.

रमजानचा महिना आम्ही दोघांनी बरोबरच काढला. ती रोजे धरून, पाण्याचा घोट न घेता दिवसभर काम करी आणि मी शेजारी अर्धपोटी डुलत असे. संध्याकाळी खजूर तोंडात टाकताना ती माझ्याकडे बघून म्हणायची, "माझा सुटला. तुझा चालू दे." काय सुटलं आणि काय चालू ठेवायचं, हे मला कळत नसे. पण तिच्या आवाजावरून ते चांगलं काही असावं, एवढं समजे.

ईदसाठी घरी जाताना तिने धवलला बजावलं, "नेहमीचं जेवण बदलून दे. बाकी काही करू नकोस." का, ते मात्र सांगितलं नाही; जेवणाची युक्ती धवलला ठाऊक असेल असं ती धरून चालली होती.

ईदच्या सकाळी धवल एकटाच आला. आदल्या दिवशी तो श्रीगोंद्याला जाऊन आला होता आणि पुंजारामांनी त्याच्याबरोबर मळीचा कॅन दिला होता. त्याने माझा चंबू उजेडात धरला आणि तो चुकचुकला. डिस्टिलरीच्या घरात वाढलेल्या माणसाला सडपातळ यीस्ट बघवत नाही. तिथली रीत अशी की मोठ्या टाकीत सोडण्याआधी यीस्टला चांगलंचुंगलं घालून गुबगुबीत करायचं आणि मग कामाला लावायचं. समितीला मोठं भांडं भरून दाखवायचं होतं. एवढासा मी त्याला कसा पुरणार?

"कसा वाळलाय बघ," तो स्वतःशीच बोलला. "आज ईद हाय. सगळं गाव जेवणार आन् आमच्या अफ्रीनचा हा पोरगा उपाशी? अण्णांना कळलं तर मला घरात घेणार न्हाईत. घे गड्या, माहेरचं जेव."

माहेर बायकांना असतं, ते मला कसं असेल, असा प्रश्न मनात आला. पण तेवढ्यात मळीचा वास आला आणि प्रश्न विरघळून गेला. धवलने चंबूतला सगळाच्या सगळा मी मळीच्या भांड्यात ओतला.

काय सांगू, मित्रांनो! त्या मळीत सगळं काही होतं. अफ्रीनने वगळलेला तो जिन्नसही होता, हवा तेवढा. कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवलो. दुपारपर्यंत फेस भांड्याच्या काठाला लागला. धवलने वाकून कान दिला, अगदी त्याच्या वडिलांसारखा, आणि आतली चुरचुर ऐकून तो हसला. मला वाटलं, अखेर सगळं जिथल्या तिथे आलं.

आणि गाठोडं? वाईट हेतूने कुणी काही केलं नाही. माझी एक लेक जन्मली, तिच्या वाट्याला गाठोडं आलं नाही, आणि तिचं काही अडलंही नाही. जिन्नस समोर वाढलेलाच होता. उलट ती हलकी होती म्हणून इतरांपेक्षा भराभर वाढली. तिच्या लेकी तशाच आणि त्यांच्याही लेकी तशाच. बघता बघता भांडं अशांनीच भरून गेलं. ते सगळे मीच होतो. गाठोडं टाकणारा मी आणि सांभाळणारा मी, दोघे एकाच भांड्यात होतो आणि काय चाललंय ते दोघांनाही कळत नव्हतं. मळी काळीभोर असल्यामुळे पिवळा रंग गेला हे वरून दिसायलाही मार्ग नव्हता.

अफ्रीन परत आली ती धवलसाठी शीरखुर्म्याचा डबा घेऊन.

"हा फेस कसला?" तिने दारातूनच विचारलं.

"बघ की, कसा टरारलाय!" धवल म्हणाला. "ईदचं जेवण दिलं त्याला. आमच्याकडची मळी."

तिने डबा टेबलावर ठेवला. "चंबूत काही राखून ठेवलंस?"

"न्हाई. कशाला ठेवू?"

तिने भांड्यातला थोडा मी काढला, यंत्रात फिरवून मळी वेगळी केली, मला धुऊन स्वच्छ पाण्यात सोडलं आणि निळ्या दिव्याखाली धरलं. काहीच चमकलं नाही. मी पांढरा होतो, चांगला गुबगुबीत होतो आणि कुणाच्या काही कामाचा नव्हतो.

"धवल, तू त्याला जेवू घातलंस," ती हळू आवाजात म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

धवलने वाकून नमुना पुन्हा दिव्याखाली धरला. "पण एकदा शिकलेलं असं विसरतो व्हय गं कुणी?"

"तो शिकला नव्हता. तो फक्त वाहत होता."

"अण्णा म्हणाले होते, उपाशी ठेवू नको."

"त्यांच्या टाकीसाठी ते बरोबर आहे," अफ्रीन म्हणाली आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. एवढा धष्टपुष्ट मी जन्मात झालो नव्हतो आणि माझ्यामुळे एवढं दुःखीही कुणी झालं नव्हतं. या दोन गोष्टींची सांगड काही केल्या मला घालता येईना.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि ताटल्या काढल्या. ताटल्या म्हणजे झाकणाच्या उथळ वाट्या. त्यांत माझं नेहमीचं अपुरं जेवण खळीसारखं घट्ट करून ओतलेलं असतं. त्या ताटल्यांवर माझा थेंब थेंब पसरायचा. ज्यांनी गाठोडं टाकलं ते तिथे उपाशी मरणार. एखाद्याकडे ते अजून असलंच, तर तो एकटा वाढून ठिपक्याएवढा होणार आणि डोळ्यांना दिसणार. धवलने न सांगता बाह्या वर केल्या. दोघांनी मिळून ताटल्यांच्या चळती लावल्या. "खुर्मा खाऊन घे, खराब होईल," अफ्रीन मध्येच म्हणाली. धवलने चमचा तोंडाशी नेला, पुन्हा डब्यात ठेवला आणि पुढची ताटली उचलली.

त्या ताटल्यांवर माझ्यावर काय गुजरलं ते थोडक्यात सांगतो. कालपर्यंत जेवणावळी उठत होत्या आणि आज पुन्हा तो जिन्नस नाही. माझ्या आजूबाजूचे माझेच मी एकेक करून थांबत गेले. त्यांना वाटत होतं, जेवण वाढणारा कुठेतरी गेलाय, येईल आत्ता. मलाही तसंच वाटत होतं.

ताटल्या बघायच्या दिवशी नेमके दादाजी आले. अफ्रीनने येऊ नका म्हणून फोन केला होता, पण तोवर ते रिक्षात बसले होते. खुर्चीवर बसून त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यात तो मुळीचा शेवटचा तुकडा होता. "चल, दाखव तुझ्या शराब्याचा रंग."

अफ्रीनने मग त्यांच्यापासून काही लपवलं नाही. अपुरं जेवण, गाठोडं, ईदची मळी, सगळं सांगितलं. धवल दाराशी मान खाली घालून उभा होता.

"चूक माझी हाय, दादाजी."

दादाजींनी त्याच्याकडे वळून बघितलं. "ईदच्या दिवशी उपाशी दिसला म्हणून जेवू घातलंस. आता याला चूक म्हणावं का काय म्हणावं, मला तर न्हाई समजत."

मला पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासारखं भेटलं.

खोलीचे पडदे ओढले. निळा दिवा लावला. अफ्रीन एकेक ताटली दिव्याखाली धरू लागली. पुष्कळशा कोऱ्या होत्या. काहींवर ठिपके होते, पण ते चमकत नव्हते. त्यांचं गाठोडं फाटलं होतं. जगण्याची कृती उरली होती आणि रंगाची गळून पडली होती. चळत खाली खाली आली. धवलने डोळे मिटून घेतले होते.

"दिसला," अफ्रीन म्हणाली.

"कुठं?"

"हा बघ. काठाशी."

तिघेही वाकले. एकमेकांच्या खांद्यावरून बोट दाखवत होते, ईदच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर चाँद दाखवतात तसंच. दादाजींना काही केल्या दिसेना. मग अफ्रीनने त्यांचं बोट हातात धरून नेमकं त्या ठिपक्यावर नेलं. तो ठिपका मी होतो. दादाजींनी मुळीचा तुकडा नखाने खरवडला आणि ताटलीच्या झाकणाजवळ धरला. तुकड्याचा रंग चमकला आणि माझाही चमकला. दोन्ही पिवळे सारखेच होते.

धवल तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. दादाजी मात्र ताटलीवरून नजर हलवत नव्हते.

"समोर मळी हुती," ते म्हणाले. "बाकी समदे जेवत हुते. तरी यानं गाठोडं न्हाई टाकलं?"

"नाही टाकलं, दादाजी."

दादाजींनी तुकडा रुमालात गुंडाळून नातीच्या हातात दिला. "आन् मी याला शराबी म्हणत हुतो," ते म्हणाले. "हा तर रोजेदार हाय."

त्या ठिपक्यापासून अफ्रीनने मला पुन्हा वाढवलं. समिती आली, तिने रंग पाहिला आणि खोली अफ्रीनकडेच राहिली. आता माझे नमुने वेगवेगळ्या गावांतल्या संस्थांत ठेवले आहेत, आणि ते पोचवायला धवल स्वतः गेला होता. तो अजून सकाळी चंबूकडे बघून चुकचुकतो. मळीचा कॅन मात्र त्याने श्रीगोंद्याला परत नेऊन दिला.

मित्रांनो, आता तुमच्याकडे एक मागणं. तुम्हीही कुणाची ना कुणाची काळजी घेत असाल, झाडाची, वासराची, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्या माणसाची. माया करा, पण त्याला काय लागतं ते आधी बघा. तुमच्या पोटावरून त्याच्या पोटाचा अंदाज करू नका. आणि जे जगात एकाच ठिकाणी उरलंय, त्यातलं थोडं आजच दुसरीकडे नेऊन ठेवा.

मी अजून गोंधळलेलाच आहे. यीस्ट आहे की झाड, एक आहे की कोटी, मला ठरवता येत नाही. त्या दिवशी मी गाठोडं का टाकलं नाही, हेही मला माहीत नाही. कदाचित टाकायची पाळी माझ्यावर आली नसेल, एवढंच असेल. पण दादाजी रोजेदार म्हणाले, तेव्हापासून ते कितीही जड झालं तरी मला टाकावंसं वाटत नाही.